बडी बहनजी आणि पाण्यातली अदृश्य वस्ती

गांधीजींचा चरख्याजवळ बसलेला फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण सेवाग्राम आश्रमातला १९४० सालचा आणखी एक फोटो आहे, तो मला जास्त आवडतो. त्यात बापू वाकून सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसले आहेत. ते कुष्ठरोगाचे जंतू बघताहेत. त्या वेळी परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगी म्हणून आश्रमात राहत होते आणि बापू स्वतः त्यांना मालिश करायचे. औषधापेक्षा मातीची पट्टी, पाणी आणि उपवास यांवर ज्यांचा जास्त भरवसा, तेच बापू त्या काचेतून न दिसणारं जग बघताहेत, हे पाहून मोठी गंमत वाटते.

त्याच काळात, त्याच आश्रमात पंचविशीतली एक डॉक्टर मुलगी काम करत होती. पुढे अख्खा वर्धा जिल्हा तिला बडी बहनजी म्हणून ओळखू लागला. तिचं नाव डॉ. सुशीला नय्यर.

गांधीजींच्या डॉक्टर, केंद्रीय आरोग्यमंत्री, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या संस्थापक, ही त्यांची ओळख बऱ्याच जणींना असेल. पण त्यांच्या आयुष्याकडे पाण्याच्या बाजूने बघितलं तर काही वेगळंच दिसतं. त्यासाठी मैत्रिणींनो, आधी जरा पवनारला जाऊन येऊ.

वर्ध्याजवळ पवनारला धाम नदी आहे. काठावर विनोबाजींचा आश्रम, नदीत गांधीजींच्या रक्षाविसर्जनाची छत्री. सहलीला गेलेल्या मुलांना आयांचं एकच सांगणं असतं, दगडावर जपून पाय ठेवा. कारण ओल्या दगडावर बुळबुळीत थर असतो. आपण त्याला शेवाळ म्हणून मोकळ्या होतो. पण त्यात नुसतं शेवाळ नसतं. असंख्य जातींचे जीवाणू, बुरशी, एकपेशीय प्राणी आणि बारीक शेवाळ एकत्र राहून स्वतःच एक चिकट पदार्थ तयार करतात आणि त्यात घर करून बसतात. शास्त्रज्ञ या थराला बायोफिल्म म्हणतात, आपण जैवपटल म्हणू. पाण्याचा माठ चार दिवस घासला नाही की आतून हाताला जे बुळबुळीत लागतं, तेही हेच. सकाळी ब्रश करण्याआधी दातांवर जे जाणवतं, तेही हेच. नदीत ही वस्ती चांगलं कामही करते. पाण्यातली घाण खाते, नदीला थोडंफार स्वच्छ ठेवते. पण माणसाची विष्ठा पाण्यात मिसळली, की त्याच वस्तीत रोगाच्या जंतूंनाही आसरा मिळू शकतो.

सुशीलाबाई डॉक्टर झाल्या तेव्हा या वस्तीबद्दल फार कमी माहिती होती. तिच्यातून निघून घराघरात शिरणारा एक पाहुणा मात्र सगळ्यांना ठाऊक होता. त्याचं नाव पटकी, म्हणजे कॉलरा.

सुशीलाबाईंचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातल्या कुंजाह गावचा. हा भाग आता पाकिस्तानात आहे. थोरले भाऊ प्यारेलाल १९२० मध्ये शिक्षण सोडून गांधीजींकडे गेले आणि पुढे त्यांचे सचिव झाले. त्यामुळे घरात लहानपणापासून गांधीजींचं नाव. सुशीला हुशार. लाहोरला शिकून ती दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात दाखल झाली. मुलींनी डॉक्टर व्हायचं हेच तेव्हा केवढं अप्रूप! तिने एमबीबीएस आणि पुढे एमडीही केलं. दिल्लीत किंवा लाहोरात दवाखाना थाटून सुखाने राहता आलं असतं. ती आली वर्ध्याच्या मातीत.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं. तेव्हाचं ते गाव म्हणजे कुडाच्या झोपड्या, पावसाळ्यात गुडघाभर काळा चिखल, उन्हाळ्यात जीव काढणारं ऊन. साप-विंचू, हिवताप आणि जुलाब तर पाचवीला पुजलेले. विहिरीचं पाणी हेच पिण्याचं पाणी, आणि शौचाला उघड्यावर. बायकांनी डोक्यावर गुंड घेऊन पाणी आणायचं, ते गाळायचं आणि घरादाराला पाजायचं.

१९३९ च्या सुमाराला या भागात पटकीची साथ आली. खेड्यापाड्यांत पटकी म्हणजे मरीआईचा कोप. सकाळी धडधाकट असलेलं माणूस संध्याकाळपर्यंत उलट्या-जुलाबांनी सुकून जायचं. डोळे खोल, कातडी सुरकुतलेली, पायांत गोळे. घरात एक गेला की दुसरा आडवा. पळून जाणारे पळून जात, आणि जाताना दुसऱ्या गावाला रोग देत. अशा वेळी ही नवी कोरी डॉक्टर जवळजवळ एकटीच साथीला सामोरी गेली. त्या काळी डॉक्टरच्या हाती असायचं तरी काय? टोचायची लस होती, पण तिचं संरक्षण अर्धवट आणि थोड्या महिन्यांचं. शिरेतून मिठाचं पाणी देता यायचं, पण ते दवाखान्यात, खेड्यात कुठून आणणार? विहिरीत लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट टाकायचं, पाणी उकळायला सांगायचं, मळलेले कपडे विहिरीवर धुऊ द्यायचे नाहीत, विष्ठेवर चुना टाकायचा. पटकीविरुद्ध लढायचं म्हणजे मुख्यतः घराघरात जाऊन हे सांगायचं, आणि ऐकेपर्यंत सांगत राहायचं. बोली वेगळी, रीतभात वेगळी, वय लहान. तरी तिने ते निभावलं. तिची हिंमत बापूंच्याही नजरेत भरली. पुढे त्यांच्या प्रकृतीची जबाबदारी तिच्याकडे आली.

ही जबाबदारी सोपी नव्हती बरं. रोगी जगप्रसिद्ध, आणि डॉक्टरी औषधांवर त्याचा विश्वास बेताचा. शिकलेलं शास्त्र एकीकडे आणि मनातली भक्ती दुसरीकडे अशी तिची ओढाताण होत असणार. ती सगळ्यात जास्त झाली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे बापूंना अटक झाली. त्या संध्याकाळी मुंबईत शिवाजी पार्कच्या सभेत कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही पकडलं, आणि त्यांच्याबरोबर सुशीलाबाईंनाही. सगळ्यांना आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. आठवडाही पुरता उलटला नव्हता, तोच १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई अचानक गेले. पुढच्या वर्षी बापूंचा एकवीस दिवसांचा उपवास. आणि मग बांचं दुखणं. छाती भरलेली, हृदय थकलेलं, शेवटी न्यूमोनिया. देवदास गांधींनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवलं. हे औषध त्या वेळी इतकं नवं होतं, की आपल्याकडे बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलं नसेल. बुरशीपासून निघालेलं आणि जीवाणूंना मारणारं हे औषध बांच्या उशाशी येऊन पोचलं होतं. पण ते दर काही तासांनी टोचावं लागणार हे कळल्यावर बापूंनी नको म्हटलं. बांचा शेवट आलाच आहे, आता त्यांना सुयांचा त्रास नको, असं त्यांना वाटलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या.

पेनिसिलीनने बा वाचल्या असत्या का, हा प्रश्न आजही लोक विचारतात. हृदय इतकं दुबळं झालं होतं की ठामपणे कुणीच सांगू शकत नाही. पण एकोणतिसाव्या वर्षी, आईसारख्या बाईच्या बिछान्याजवळ, औषध समोर असताना हात बांधून उभं राहणं डॉक्टर म्हणून काय असेल, याची कल्पना आपण बायका करू शकतो. पुढे त्यांनी कस्तुरबांवर पुस्तक लिहिलं, आणि तुरुंगातल्या त्या दिवसांवरही.

बापू मे महिन्यात सुटले, तेव्हा हिवतापाने खंगलेले होते. जुहूला विश्रांतीसाठी नेल्यावर तपासणीत त्यांच्या पोटात हुकवर्मचे जंत आणि अमीबा सापडले. हुकवर्म अनवाणी पायांतून शिरतो आणि अमीबा घाणेरड्या पाण्या-अन्नातून. म्हणजे आयुष्यभर स्वच्छतेचा आग्रह धरलेल्या, स्वतः संडास साफ करणाऱ्या माणसालासुद्धा या देशाच्या मातीने आणि पाण्याने सोडलं नव्हतं! एकट्याने स्वच्छ राहून भागत नाही, सगळ्या गावाचं पाणी आणि सगळ्या गावाची माती स्वच्छ हवी, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

त्याच वर्षी सुशीलाबाईंनी सेवाग्रामला छोटासा दवाखाना सुरू केला. रोग्यांची गर्दी इतकी वाढली की आश्रमाची शांतता भंग होऊ लागली. मग तो बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात हलवला आणि १९४५ मध्ये तिथेच कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं, आधी मुख्यतः बाया-मुलांसाठी. ज्यांना औषध देता आलं नाही, त्यांच्या नावाने हजारोंना औषध मिळू लागलं.

नंतर नौखालीची दंगल आली. बापूंनी आपल्या सहकाऱ्यांना एकेका गावात एकटं राहायला पाठवलं, त्यात सुशीलाबाईही होत्या. १९४८ मध्ये बापू गेले. भाऊ-बहिणीचं सगळं आयुष्य ज्या माणसाभोवती फिरत होतं, तोच राहिला नाही. अशा वेळी खचून न बसता त्या अमेरिकेत गेल्या आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेऊन आल्या. शल्यक्रिया किंवा हृदयरोग असा भपकेबाज विषय न घेता त्यांनी हा विषय घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सार्वजनिक आरोग्य म्हणजे नळ, गटार, संडास, लसी आणि आकडेवारी. याच विद्यापीठात एबेल वोल्मन हे अभियंते शिकवत होते. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन नेमकं किती घालायचं, याचं शास्त्र त्यांनी सहकाऱ्याबरोबर १९१९ मध्ये बसवून दिलं होतं. आज आपल्या नळाच्या पाण्याला जो वास येतो ना, त्याच्या मागे ते काम आहे.

परत आल्यावर फरिदाबादला क्षयरोग्यांसाठी काम, दिल्लीचं आरोग्यमंत्रिपद, तिथल्या विधानसभेचं अध्यक्षपद, १९५७ मध्ये झाशीहून लोकसभा, आणि १९६२ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री, अशी त्यांची वाट वेगाने वर गेली. आणि गंमत बघा, किंवा दैव म्हणा, तिथेही त्यांची गाठ जुन्या वैऱ्याशीच पडली. १९६१ मध्ये इंडोनेशियातून कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ निघाली. जंतूचा प्रकार नवा, एल टॉर नावाचा. त्याने माणूस दर वेळी लगेच आडवा होत नाही. कित्येकांना थोडेसेच जुलाब होतात, ते हिंडत-फिरत राहतात आणि जंतू पसरवतात. शिवाय पाण्यात तो जास्त दिवस तग धरतो. १९६४ मध्ये तो भारतात पोचला, तेव्हा आरोग्यमंत्री सुशीलाबाईच होत्या. सेवाग्रामच्या विहिरींवर जे पाहिलं, तेच आता देशाच्या नकाशावर बघायची वेळ आली.

त्याच काळात आपल्या देशात या रोगावर मोठं संशोधन होत होतं. कलकत्त्यात डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं, की कॉलऱ्याचा जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि त्या विषाने शरीरातलं पाणी वाहून जातं. १९६२ मध्ये कलकत्त्यात कॉलरा संशोधन केंद्र सुरू झालं. आपल्या नागपुरात १९५८ मध्येच पाणी आणि सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली होती. तीच आजची नीरी. आणि १९७१ च्या निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवता येतात हे सिद्ध केलं. आज प्रत्येक आईला ठाऊक असलेलं ओआरएस ते हेच. १९३९ मध्ये सेवाग्रामात ते माहीत असतं तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

मंत्रिपद गेलं आणि सुशीलाबाई पुन्हा सेवाग्रामकडे वळल्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यात मेडिकल कॉलेज! तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं असेल. प्राध्यापक कुठून येणार, मुलं कशी राहणार? पण त्या हटल्या नाहीत. मुला-मुलींनी खादी घालायची, सुरुवातीचे पंधरा दिवस गांधी आश्रमात काढायचे, श्रमदान करायचं. आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचं, तिथे जाऊन राहायचं, नेमून दिलेल्या कुटुंबांची माहिती घ्यायची. पाणी कुठून भरतात, कशात साठवतात, संडास आहे का, लेकरांना जुलाब किती वेळा होतात. म्हणजे जंतू काचेखाली बघण्याआधी तो ज्या घरात, ज्या माठात राहतो, ते घर आधी बघायचं. ऐंशीच्या दशकात या रुग्णालयाशी जोडलेल्या गावांत लोक ज्वारी देऊन आरोग्य विमा घेऊ लागले, हीही इथलीच गोष्ट.

आता पुन्हा पवनारच्या दगडाकडे येऊ या. जुन्या पद्धतीत जंतू ओळखायचा तर त्याला प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवावं लागायचं. पण पाण्यातले बहुसंख्य जंतू बशीत वाढतच नाहीत. म्हणजे गावाची जनगणना करायची, आणि जे दार उघडतील तेवढेच मोजायचे, असला प्रकार. १९७० च्या दशकात अमेरिकेत कार्ल वूज यांनी नवी वाट शोधली. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिनं बनवणारा कारखाना असतो. त्याच्या एका भागाची रचना सगळ्यांकडे असते, पण जातीगणिक थोडी थोडी वेगळी. आपल्या आडनावांसारखी म्हणा ना. ती वाचली की कोण कुणाचा भाऊबंद ते कळतं. १९७७ मध्ये त्यांनी याच रीतीने जीवसृष्टीची एक नवी शाखाच दाखवून दिली. आता दगडावरचा थर खरवडायचा, त्यातला सगळा डीएनए काढायचा, हे आडनावाचं जनुक यंत्राने वाचायचं आणि संगणकाने ताडून बघायचं. एका दगडावर शेकडो, कधी हजारो प्रकारचे जीव निघतात. त्यातल्या कित्येकांना अजून नावही नाही. नागपूरच्या नीरीतही पर्यावरणातल्या जीवाणूंच्या जनुकांवर काम चालतं.

पटकीच्या जंतूचं बिंगही असंच फुटलं. रिटा कोलवेल या अमेरिकन बाईंनी उभं आयुष्य त्याच्यामागे घालवलं. साथ नसते तेव्हा हा जंतू जातो कुठे, हा जुना प्रश्न. त्यांनी आणि इतरांनी दाखवून दिलं, की तो खाड्यांच्या, नदीमुखांच्या पाण्यात पाण्यातल्या इवल्याशा किड्यांच्या अंगाला चिकटून, थर करून राहतो. कधी कधी झोपी गेल्यासारखा होतो, मग बशीत वाढतच नाही. पण त्याची जनुकं शोधली की सापडतो. म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या वर्ध्यासारख्या गावांत माणसांबरोबर येऊन विहिरी नासवणाऱ्या या पाहुण्याचं मूळ घर पाण्यातच होतं.

ऑगस्ट २००० मध्ये या जंतूचा संपूर्ण जनुकनकाशा वाचून प्रसिद्ध झाला. सुमारे चाळीस लाख अक्षरांचा. आणि तो होता त्याच एल टॉर प्रकाराचा, जो सुशीलाबाई मंत्री असताना देशात शिरला होता. त्यानंतर पाच महिन्यांनी, ३ जानेवारी २००१ ला, सुशीलाबाई गेल्या. शहाऐंशी वर्षांच्या होत्या. लग्न केलं नाही, संसार मांडला नाही, पण सेवाग्रामहून निघालेले कितीतरी डॉक्टर त्यांची लेकरंच म्हणायची.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, २००३ मध्ये, कोलवेलबाईंनी बांगलादेशातल्या खेड्यांतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिथल्या बायकांना सांगितलं, नदी-तळ्याचं पाणी घड्यात भरताना तोंडावर जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी घाला. जुनी साडी धुऊन धुऊन तंतू फुगतात आणि भोकं बारीक होतात. त्यात ते किडे अडकतात, आणि त्यांच्या अंगाला चिकटलेले पटकीचे जंतूही. त्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. अर्थात नुसतं गाळणं म्हणजे उकळणं किंवा क्लोरीन नव्हे. पण आपल्या आज्या गुंडाच्या तोंडावर फडकं बांधून पाणी भरायच्या, त्याची आठवण झाली की नाही?

मोठमोठी यंत्रं जनुकं वाचतात आणि शेवटी सांगतात काय, तर पाण्यात घाण जाऊ देऊ नका, पाणी गाळा, उकळा, माठ घासा. सुशीलाबाईंनी विशी-पंचविशीत हेच सांगत सेवाग्रामची घरं पालथी घातली होती. फरक इतकाच, की तेव्हा हे एकट्या मुलीचं सांगणं होतं आणि आज त्याला पुराव्याचा आधार आहे. तरीही पावसाळा आला की गावोगाव जुलाबाच्या साथी येतातच, आणि कुठेतरी फुटलेली पाइपलाइन गटारातून गेलेली सापडतेच. पाणी भरणारी, साठवणारी आणि पाजणारी घरातली बाईच असते, तसं आजारपण काढणारीही तीच असते. म्हणून नळाला कसलं पाणी येतं, टाकी कधी धुतली, क्लोरीन टाकलं का, हे ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊन विचारण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.

पुढच्या वेळी पवनारला गेलात तर दगडावर जपून पाय ठेवाच. आणि जमलं तर पुढे सेवाग्रामलाही जाऊन या. कस्तुरबा रुग्णालयाच्या दारात पहाटेपासून खेड्यातल्या बायका लेकरं कडेवर घेऊन रांगेत बसलेल्या दिसतील. बडी बहनजींचं खरं स्मारक तेच आहे.